आखूड पायांच्या कोंबडीबद्दल

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

बागेत कोंबड्या हव्यात, पण वाफे उकरलेले चालणार नाहीत, असं तू लिहिलंस. मग चाबो पाळ. जपानी बँटम म्हणतात ती हीच. कोंबडा जेमतेम पाऊण किलोचा, कोंबडी त्याहून हलकी. पाय इतके आखूड की पंखांची टोकं जमिनीला टेकतात, आणि शेपूट ताठ, थेट डोक्याच्या वर! पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला वाटलं गवतात बसलीय. ती चालत होती. उकरते तीही, पण मोठ्या कोंबडीसारखा वाफा उलथून टाकत नाही. कोवळ्या रोपांना मात्र जाळी लाव.

जपानने या जातीला १९४१ साली नैसर्गिक वारसा म्हणून संरक्षण दिलं. इतकी जपलेली जात, आणि मी तिच्याबाबतीत एक चूक केली. तेच तुला सांगायचंय.

माझी कोंबडी पहिल्यांदा खुडूक झाली तेव्हा खाली बारा अंडी ठेवली. सातव्या दिवशी दिव्यासमोर धरली, तर तीन अंड्यांत नुसतं रक्ताचं कडं, म्हणजे आतला गर्भ मेलेला. मला वाटलं, ही मधेच उठत असणार. पुढच्या खेपेलाही तेच. बिचारी दाणा टिपण्यापुरतीच उठायची, तरी दोष मी तिलाच दिला.

खरं कारण त्या आखूड पायांत आहे. पाय आखूड करणारं जनुक आईबापांपैकी एकाकडूनच आलं तर पिल्लू ठणठणीत. दोघांकडून आलं तर गर्भ पहिल्या काही दिवसांतच मरतो. नर-मादी दोघंही आखूड पायांचे असले की सरासरी चारात एक अंडं असं जातं, दोन पिल्लं आखूड पायांची होतात आणि एक लांब पायांचं. जोडीतला एक लांब पायांचा ठेवला तर असं एकही अंडं जात नाही, आणि निम्मी पिल्लं तरी आखूड पायांचीच निघतात. आणि मी काय केलं? लांब पायांची पिल्लं बिघडलेली समजून देऊन टाकली. ते अजून मनाला लागतं.

खुराड्यातली दांडी वीतभर उंचीवर लाव. गवत आखूड आणि जमीन कोरडी ठेव, नाहीतर ओल थेट छातीच्या पिसांना लागते. अंडी इवलीशी असतात, त्यांच्यासाठी पाळू नकोस.

या खेपेची लांब पायांची एक तलंग मी कुणालाच दिलेली नाही. एक आखूड पायांचा कोंबडाही आहे. दोघं तुझ्यासाठी ठेवलीत. खुराडं तयार झालं की कळव.

तुझाच,
अवि