डोंबिवलीचे काका

सुध्या,

दिवाळीपासून फोन करतो करतो म्हणतोय आणि राहूनच जातंय, घाल काय शिव्या घालायच्या त्या. तब्येत बरी, शुगर आहे तिथेच. हिला सांगितलं तर म्हणाली त्यात काय एवढं, म्हणून तुला लिहितोय.

रविवारी मी गिरगावात हेरिटेज वॉक केला. हसून घे आधी. ऑफिसातल्या पोरांनी माझंही नाव घातलेलं. गाईड पंचविशीची पोरगी, पण तयारी चोख, केशवजी नाईकांची चाळ, १८९३चा गणपती, मग १९३१ साली 'आलम आरा' लागला ते मॅजेस्टिक कुठे होतं ते, सगळं घडाघडा. खोताच्या वाडीत बाहेरून चढणारे लाकडी जिने दिसले की पोरं फोटो काढत सुटली आणि मी एका कठड्यावर हात फिरवत उभा, असल्याच कठड्यावरून घसरून तू दात पाडलास आणि घरी माझं नाव सांगितलंस. मी ढकललं नव्हतं. आजही सांगतो.

मग केळेवाडी. ती सांगतेय साहित्य संघ, स्थापना १९३५, हे भालेराव नाट्यगृह १९६४चं, आणि माझ्या नाकात विंगेतला तो पावडर आणि घामाचा कुबट वास. तू भालदार मी चोपदार, एंट्री चुकवलीस तू, सरांनी पडद्याच्या दोरीपाशी उभं करून झापलं मला! तेवढ्यात तिने विचारलं, काका, तुम्ही कुठले?

मी म्हणालो, डोंबिवली.

खोटं नाहीये रे, बत्तीस वर्षं झाली तिकडे. पण गिरगाव तोंडातून निघालंच नाही, म्हटलं मागाहून सांगू, तर ती म्हणते इथले जुने लोक आता भेटतच नाहीत हो, सगळ्यांनी हळहळून माना हलवल्या आणि सुध्या, मीपण हलवली! घरी येऊन दोन रात्री तेच डोक्यात. लाज वाटली म्हणावं तर कशाची? आपली चाळ पाडली ती काय मी पाडली?

नातू झाल्याचं कळलं, अभिनंदन, नाव कळव. गुडघा दाखव आता.

पुण्याहून आलास की परत जाऊ त्याच वॉकला. गिरगावला आता जमिनीखाली मेट्रोचं स्टेशन झालंय, जिने चढायचं निमित्त नको सांगूस. या वेळी कुठले विचारलं की उत्तर तू द्यायचं. एंट्री चुकवू नकोस.

तुझा,
बाळ्या