खाण बुजवू नका, आधी तिला उतार द्या

संपादक महोदय,

दर पावसाळ्यात बंद दगडखाणीत पोरं बुडाल्याची बातमी येते, चार दिवस हळहळ होते आणि मागणी एकच निघते : खाण बुजवून टाका. नाशिकजवळच्या सारूळ, राजूर बहुला भागातल्या खाणी डोळ्यांसमोर ठेवून सांगतो, बुजवणं हा सगळ्यांत वाईट उपाय. एवढा खड्डा भरायला माती मिळत नाही. येतो तो राडारोडा आणि त्याच्याआडून कचरा. आपला काळा पाषाण वरून घट्ट दिसतो, पण पाणी त्याच्या भेगांतून चालतं आणि सुरुंगांनी त्या भेगा आणखी उघडलेल्या असतात. कचऱ्याचं पाणी तिथून खालच्या विहिरींत उतरतं.

पट्टीचा पोहणाराही खाणीत बुडतो, कारण चारही बाजूंना उभा कडा, पाय टेकायला जागा नाही. म्हणून एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की एका बाजूने तळापर्यंत मुरुमाचा उतार करावा : १ मीटर उंचीला ३ मीटर लांबी. त्यावर दगडी पिचिंग, म्हणजे घट्ट रचलेल्या दगडांचा थर हवाच, नाहीतर पहिल्या पावसात मुरूम वाहून जातो.

मग कडा. काठाच्या तीनेक मीटर मागे चर खणून डोंगरावरचं पाणी बाजूला काढायचं. सुटलेले दगड पहारीने वरून खाली पाडत यायचे आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा तपासायचे. दोन थरांच्या मध्ये तांबड्या मातीचा पट्टा दिसला तर विशेष जपावं. तो मऊ असतो, झिजतो आणि वरचा खडक अधांतरी राहतो. अशा पट्ट्याखालून पायवाट नेऊ नये.

मग झाडं. सर्वाधिक पैसा वाया जातो तो इथे. डंपरांनी तळ दाबून सिमेंटसारखा केलेला असतो, वर क्रशरची डस्ट बसून पापुद्रा धरते. त्यात फूटभर खड्डा करून लावलेलं रोप पावसाळ्यात मुळं कुजून आणि उन्हाळ्यात वाळून जातं. आधी पोकलेनने अर्धा मीटर तळ उकरावा. पहिलं वर्ष फक्त ताग, धैंचा ही हिरवळीच्या खताची पिकं आणि मारवेल, पवन्यासारखं गवत. झाडं दुसऱ्या पावसाळ्यात, २ फुटी खड्ड्यांत : पळस, खैर, धावडा, सालई, कड्याच्या भेगांत उंबर, पिंपरण. विकतची काळी माती उतारावर टाकू नये. ती फुगते, भेगाळते, घसरते. सुबाभूळ तर नकोच, ती दुसरं काही उगवू देत नाही. तीन उन्हाळे पाणी आणि हिवाळ्यात वणवा अडवणारी जाळरेषा, एवढं धरूनच अंदाजपत्रक करावं.

पर्यटक यानंतर. बोटी आणि रंगीत दिव्यांची इथे गरज नाही. पांडवलेण्यांच्या परिसरातल्या खाणींत सापडलेले अपोफिलाइट, स्टिलबाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहांत आहेत. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात ते पाहता येतात. कापलेल्या कड्यावर लाव्ह्याचे थर उघडे दिसतात, तिथे एक फलक आणि सावलीचा बाक पुरे. हातोडी मात्र आत नेऊ देऊ नये. कड्याच्या कपारींत शृंगी घुबड घरटं करतं. ते असेल तिथे नोव्हेंबर ते एप्रिल कड्याजवळची वाट बंद ठेवावी, मग तो हंगाम पर्यटनाचा असला तरी.

हे होऊ शकतं. गुरुग्रामचं अरावली जैवविविधता उद्यान खाणकामाने उजाड झालेल्या जमिनीवरच उभं आहे. पैशासाठी खाणचालकांच्या अंशदानातून चालणारं जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. पर्यावरण रक्षण त्याच्या निधीच्या अग्रक्रमाच्या विषयांत येतं.

आणि नव्या खाणीला परवाना देताना एक अट आजच घालता येईल : वरची सुपीक माती वेगळी काढून ठेवायची, ढीग २ मीटरपेक्षा उंच करायचा नाही आणि त्यावर गवत पेरायचं. उंच ढिगात हवा खेळत नाही आणि खालची माती मरते.

आपले,
भूजल आणि वनीकरणाचं काम करणारे काही नाशिककर