सत्रअखेरच्या कार्यक्रमांसाठी राबलेल्या सर्वांचे आभार

बक्षीस समारंभ आणि चित्रप्रदर्शन सुरळीत पार पडलं, ते पडद्यामागे राबलेल्या पालकांमुळे. प्रमाणपत्रांवरची नावं हजेरीपटाशी ताडून पाहणाऱ्यांचे विशेष आभार. गठ्ठा पुकारण्याच्या क्रमाने लावला तरी एक मूल गैरहजर असलं की पुढचं प्रत्येक प्रमाणपत्र भलत्याच हातात जातं. तुम्ही रांग उभी राहताच गैरहजरांची प्रमाणपत्रं बाजूला काढलीत, म्हणून पहिलीतल्या चिमुरड्यांनाही आपापलंच मिळालं. किती मोठी गोष्ट आहे ही त्यांच्यासाठी!

चित्रं मुलांच्या नजरेच्या उंचीवर, जमिनीपासून साधारण १ मीटरवर लावलीत, तीही चारही कोपरे चिकटवून; वरचे दोनच चिकटवले की पंख्याच्या वाऱ्याने कागद फडफडून फाटतो. रिलेच्या फक्कीच्या रेषा आखणाऱ्यांचे, खुर्च्या उचलून मैदान झाडणाऱ्यांचेही मनापासून आभार.