तापाच्या पहिल्या तासाबद्दल आभार

कम्पाला (युगांडा), दार-एस-सलाम (टांझानिया) आणि ब्लँटायर (मलावी) इथल्या बालकर्करोग वॉर्डांतील सर्व सिस्टरांना,

सप्रेम नमस्कार.

मुलांच्या लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियावरची (एक प्रकारचा रक्ताचा कर्करोग) मुख्य औषधं जुनीच आहेत: व्हिन्क्रिस्टीन, प्रेडनिसोलोन, अ‍ॅस्पॅरॅजिनेज, मेथोट्रेक्झेट, मर्कॅप्टोप्युरीन. तरी श्रीमंत देशांत कर्करोगाची ८० टक्क्यांहून अधिक मुलं बरी होतात आणि अनेक गरीब देशांत ३० टक्केही होत नाहीत. हे अंतर मोठ्या प्रमाणात तुमच्या हातांनी कमी होतं, म्हणून हे पत्र.

पहिले आभार तापाच्या पहिल्या तासाबद्दल. इंडक्शनच्या, म्हणजे उपचाराच्या पहिल्या टप्प्याच्या, चार आठवड्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) रक्ताच्या दर घन मिलिमीटरमागे ५०० च्या खाली जातात, आणि प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडमुळे जंतुसंसर्ग असूनही ताप कधी कधी चढतच नाही. मूल नुसतं मलूल दिसलं तरी तुम्ही काखेत थर्मामीटर लावता (गुदद्वारात कधीच नाही), मलेरियाची तपासणी पाठवता आणि रिपोर्टची वाट न पाहता तासाभरात सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन-जेंटामायसिन या अँटिबायोटिकांचा पहिला डोस देता. मलेरिया पॉझिटिव्ह आला तरी अँटिबायोटिक थांबवत नाही, कारण दोन्ही एकाच वेळी असू शकतात. वरिष्ठांना उठवून विचारत बसलं, तर ती वेळ हातची जाते.

शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टीन चुकून पाठीच्या मणक्यातल्या द्रवात गेलं तर मूल जवळजवळ कधीच वाचत नाही. म्हणून ते सिरिंजऐवजी सलाइनच्या छोट्या पिशवीत भरण्याचा आणि मणक्यात द्यायच्या मेथोट्रेक्झेटच्या ट्रेजवळ येऊच न देण्याचा तुमचा हट्ट आम्हाला फार मोलाचा वाटतो.

मग येतात मेंटेनन्सची, म्हणजे आजार परतू नये म्हणून घरी गोळ्या घेण्याची, दोन-अडीच वर्षं. केस परत येतात, मूल खेळू लागतं, घरच्यांना वाटतं बरं झालं. गाडीभाडं परवडत नाही आणि उपचार सुटतो. आजार मात्र परततो. ५० मिलिग्रॅमची मर्कॅप्टोप्युरीनची गोळी, शरीराचं पृष्ठफळ ०.६ चौरस मीटर असलेलं मूल (डोस त्यावरून ठरतो): सहा दिवस अर्धी, सातव्या दिवशी पूर्ण. मेथोट्रेक्झेटच्या गोळ्या आठवड्यातून एकदाच; रोज दिल्या तर अस्थिमज्जा (हाडांतला रक्त तयार करणारा गर) कोलमडते. आईला वाचता येत नसेल तर तुम्ही कॅलेंडरवर अर्धा आणि पूर्ण गोल काढून देता, तिच्याकडूनच परत म्हणवून घेता. तारीख चुकली की फोन करता, गाडीभाड्यासाठी निधी शोधता.

या सगळ्यासाठी तुमचे मनापासून आभार. रात्रपाळीला एकीवर एवढी मुलं सोपवली जाऊ नयेत, ही मागणी आम्ही तुमच्याबरोबर मांडत राहू.

आपले,
बालरक्तकर्करोगाच्या उपचारातील सहकारी