ब्रिजच्या मिक्स्ड पेअर्सलाही जागा द्या

संपादक महोदय,

क्रीडा पानावर ब्रिज हा पत्त्यांचा खेळ कधीतरीच दिसतो आणि त्यातही मिक्स्ड पेअर्सचा निकाल तर दिसतच नाही, याचं खरंच वाईट वाटतं. एक बाई आणि एक पुरुष अशी जोडी, म्हणून लोकांना हा टाइमपास वाटतो बहुतेक! अहो, याची वर्ल्ड चॅम्पियनशिप १९६६ पासून आहे, आणि १९७० मध्ये स्टॉकहोमला अमेरिकन खेळाडू वाल्डेमार फॉन झेडविट्झ बार्बरा ब्रायरबरोबर जिंकले तेव्हा ते ७४ वर्षांचे होते, दुसऱ्या कुठल्या खेळात होतं सांगा असं?

आणि टेन्शन किती असतं बघा. तोच डाव, म्हणजे तेच वाटलेले पत्ते, सगळ्या टेबलांवर खेळला जातो, कुणी चार इस्पिक बोलून (म्हणजे इस्पिक हुकूम ठेवून दहा हात करू असं सांगून) बरोबर दहा हात केले तर ४२० पॉइंट्स, आणि तेच दहा हात कुणी तीन नो ट्रंपमध्ये (हुकूम न ठेवता, नऊ हातांची बोली) केले की ४३०, म्हणजे फक्त दहा पॉइंट्सनी कितीतरी जोड्या मागे पडतात. मोठ्या स्पर्धांत टेबलाच्या मध्ये पडदा असल्यामुळे पार्टनरचा चेहरासुद्धा दिसत नाही, सगळा भरवसा बोलीवरच.

निकालासोबत एखादा डाव चारही खेळाडूंच्या पत्त्यांसकट छापा ना, आम्ही आवडीने सोडवू.

आपला,
एक ब्रिजप्रेमी वाचक