बांगड्याचे कालवण, अर्ध्या तासात

मालवण

चिरंजीव बाबूस अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास की कचेरीतून खोलीवर पोहोचेपर्यंत आठ वाजतात, मग मासे करण्याचे त्राण उरत नाही, आणि महिनाभरात तू घरी मासा शिजवलेलाच नाहीस. आपल्याकडे सर्वांत लवकर होणारे जेवण म्हणजे बांगड्याचे कालवण, आणि तेच मी तुला कधी नीट शिकवले नाही, याचे मला वाईट वाटले.

रविवारी सकाळी गणेश पेठेतल्या मासळी बाजारात जाऊन तीन मध्यम बांगडे आण. कल्ले लाल असावेत, डोळे स्वच्छ आणि फुगीर असावेत, अंगावर बोट दाबल्यास खळगा राहू नये. बांगडा बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामाइन नावाचे द्रव्य तयार होते आणि ते कितीही उकळले तरी जात नाही. म्हणून शंका आल्यास स्वस्त मिळतो एवढ्यासाठी घेऊ नकोस. मासे साफ करून, तुकडे धुऊन, मीठ-हळद लावून फ्रीझरमध्ये ठेव आणि ज्या दिवशी करायचे त्या सकाळी खालच्या कप्प्यात काढ. १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मात्र मी पाठवलेले सोडे वापर.

वाटणही रविवारीच करून ठेव. एक वाटी ओले खोबरे, कोमट पाण्यात भिजवलेल्या सात-आठ ब्याडगी मिरच्या, तिखटपणासाठी दोन लवंगी, चमचाभर धणे आणि अर्धा चमचा हळद हे सारे इतके बारीक वाट की बोटांना खर लागू नये. यात काहीही भाजायचे किंवा परतायचे नाही, आणि म्हणूनच हे कालवण लवकर होते.

बांगड्याला तिरफळ हवेच, कारण त्याचा उग्र वास तिरफळच आवरते आणि जिभेवर ती हलकी झिणझिण उरते, जिच्यावाचून मला तरी ते कालवण आपले वाटत नाही. आठ तिरफळांतल्या काळ्या बिया काढून टाक आणि साली फक्त ठेच. वाटणात घातल्यास कडवटपणा येतो. जेवताना त्या ताटाच्या कडेला काढून ठेवायच्या.

आधी भाताचा कुकर लाव. स्टीलच्या पसरट पातेल्यात वाटण, दीड वाटी पाणी, मीठ आणि तिरफळे घालून एक उकळी आण, मग आच कमी करून तुकडे एका थरात सोड. सात-आठ मिनिटे पुरतात. झाकण ठेवू नकोस आणि डाव घालू नकोस. ढवळावेसे वाटले तर पातेले फडक्याने धरून नुसते फिरव. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मी झाकण ठेवून अंगणात गेले आणि परत येईपर्यंत सगळा मासा फुटून काटे रश्शात पसरले होते. तुझ्या आजीने एक शब्द न बोलता तो रस्सा गाळून सर्वांना वाढला. उतरवण्यापूर्वी दोन मिनिटे चार आमसुले घाल आणि शेवटी चमचाभर कच्चे खोबरेल.

उरलेले कालवण दुसऱ्या दिवशी अधिक मुरते, ते मंद आचेवरच गरम कर. तिरफळांची पुडी संपत आली की कळव, म्हणजे नवी पाठवीन.

तुझी,
आई