टेबल लावण्याआधी भिंत वाजवून बघायला लावणाऱ्या ताईंना

नमस्कार ताई,

तुमचं नाव विचारायचं राहूनच गेलं, म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहितोय. ओळख पटावी म्हणून सांगतो: छोट्या कॅम्पिंग ट्रेलरपाशी ड्रिल घेऊन उभा असलेला आणि तुमच्या "अहो, थांबा थांबा!" ने दचकलेला माणूस तो मीच.

माझा बेत अगदी साधा होता. ट्रेलर एवढासा, दोघं आत झोपलो की चप्पल ठेवायलाही जागा उरत नाही. म्हणून बाहेरच्या अंगाला काढ-घाल करता येईल असं टेबल हवं होतं. ६० बाय ४० सेंटीमीटरची, १२ मिलिमीटर जाड प्लायची फळी कापून तयार होती. वजन जेमतेम दोन किलो. एवढ्याशा फळीला काय लागतंय, चार स्क्रू पिळले की झालं! तुम्ही विचारलंत, "स्क्रू कशात बसणार?" मी म्हटलं, "भिंतीत." तुम्ही हसला नाहीत, त्याबद्दल पहिले आभार.

तुम्ही बोट दुमडून भिंत वाजवत निघालात. ढब, ढब, ढब, टक. पुन्हा ढब, ढब. मी ज्याला भिंत म्हणत होतो तो ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा होता, त्यामागे फोम आणि मधूनमधून चौकटीच्या लाकडी पट्ट्या. टक वाजलं तिथे लाकूड, बाकी सगळा पोकळ थाट. मग मला आत पाठवलंत आणि लोहचुंबक फिरवायला लावलंत. आतलं पॅनेल चौकटीला ज्या पिनांनी ठोकलेलं असतं, त्या सापडत गेल्या आणि पट्टी नेमकी कुठून जाते ते कळलं. तेवढ्यावरही तुमचं समाधान नव्हतं. "कपाट रिकामं करून मागे बघा." बघितलं, तर बाहेरच्या दिव्याची वायर, मी पेन्सिलने केलेल्या खुणेपासून दोन बोटांवर. त्यानंतर तुम्ही सांगाल ते मी मुकाट्याने ऐकलं.

दार उघडून बघितलंत का, हाही तुमचाच प्रश्न. नव्हतं बघितलं. माझ्या मूळ जागी टेबल लागलं असतं, तर दार अर्धंच उघडलं असतं आणि मी रोज अंग चोरून आत-बाहेर केलं असतं. बायकोने हे अजून मनात ठेवलंय, अधूनमधून काढते.

पण खरं डोक्यात बसलं ते तुम्ही जमिनीवर काडीने मांडलेलं गणित. फळी भिंतीपासून ४० सेंटीमीटर बाहेर, ती जिच्यात अडकते ती भिंतीवर स्क्रूने बसवायची पट्टी, म्हणजे रेल, ४ सेंटीमीटर उंच. बाहेरच्या कडेवर कुणी १० किलोचा भार दिला, की वरचे स्क्रू १०० किलोच्या जोराने बाहेर ओढले जाणार. आणि माणूस उठताना टेबलावर हात टेकून उठतोच, कितीही बजावा! म्हणून बाहेरच्या कडेला बिजागरीचा पाय. कडेवरचं ओझं सरळ जमिनीत जातं, रेलला फक्त मागची बाजू धरायची. पाय कमी-जास्त करता येईल असा घ्या म्हणालात, तेही नंतर पटलं. गाडीला जोडलेला ट्रेलर आणि सोडून जॅकवर टेकवलेला ट्रेलर, दोन्हींत उंचीचा फरक पडतो. पहिल्या मुक्कामाला जमीन भुसभुशीत होती, पाय रुतून टेबल कललं. आता त्याच्याखाली लाकडाची चकती ठेवतो.

उंचीसाठी मात्र तुमचा सल्ला मला तेव्हा पोरकट वाटला होता, कबूल करतो. भिंतीवर कागद चिकटवा, खाली खुर्ची टाका आणि बसून बघा. बसलो. माझी खूण कोपरापेक्षा वर होती. शेवटी ७२ सेंटीमीटरवर ठरलं.

पाण्याचं तुम्ही तीन-तीनदा बजावलंत. पत्र्याला पाडलेलं प्रत्येक भोक म्हणजे पावसाला आमंत्रण, आणि आतलं लाकूड कुजतं ते बाहेरून दिसत नाही. मी सिलिकॉनची नळी काढली तशी तुम्ही ती परत पेटीत ठेवायला लावलीत, कारण उद्या रेल काढायची वेळ आली तर ते खरवडता खरवडता जीव जातो आणि उरलेल्या थरावर नवं काही धड चिकटत नाही. त्याऐवजी रेलच्या मागे ब्यूटाइलची, म्हणजे रबरासारखी चिकट, फट बुजवणारी टेप. ती मऊच राहते, प्रवासातल्या हादऱ्यांनी तडकत नाही. स्क्रू थोडे थोडे आळीपाळीने आवळत गेलो, तशी चारही बाजूंनी काळी कड बाहेर आली. ती प्लॅस्टिकच्या कार्डाने कापताना मला उगाचच मोठं कारागीर झाल्यासारखं वाटलं. स्टेनलेस स्टीलच्या स्क्रूंखाली नायलॉनचे वॉशरही टाकले, कारण ओल्या हवेत हे दोन धातू एकमेकांना चिकटून राहिले की झीज ॲल्युमिनियमची होते.

तेव्हापासून बरेच पाऊस झाले. दर वेळी कपाट उघडून आतून हात फिरवतो. कोरडं आहे. फळी वर उचलली की रेलमधून सुटते, गादीखाली सरकते. चुकून उचलली जाऊ नये म्हणून तुम्ही सुचवलेली खिळीही लावलीय.

एक राहिलंच. तुमची ती चपटी सुतारी पेन्सिल माझ्याच पेटीत आली. फळीच्या खालच्या बाजूला दोरीने बांधून ठेवलीय. कुठे भेटलात तर टेबल लावलेलंच असेल, तिथून सोडवून घ्या.

तुमचा,
ड्रिलवाला